गम चघळून थकलो, आता गोळी घ्यावी का? (सिगारेट सोडायची औषधं)

वाघूरकाठचा | ४ मार्च, रात्री ११:४८

मंडळी, नमस्कार. एरवी मी इथे भरिताच्या नाहीतर रेल्वेच्या धाग्यावर सापडतो. आज दुखणं घेऊन आलोय.

वय ४४, भुसावळला लोको शेडमध्ये फिटर. सिगारेट २३ वर्षं. सध्या दिवसाला १६ ते १८, रात्रपाळी असली की पाकीट पुरत नाही. सकाळी डोळे उघडले की चहाच्याही आधी एक लागते. तीनदा सोडून झाली. मुलगी झाली तेव्हा ९ दिवस. लॉकडाऊनमध्ये टपऱ्याच बंद होत्या म्हणून महिनाभर, मग एका देवमाणसाने तिप्पट भावात घरपोच आणून दिली. आणि मागच्या दिवाळीत निकोटिनचा गम आणून. त्या गमने तर पार निराशा केली. दिवसाला दोन-तीन चघळायचो. घसा जळायचा, उचक्या लागायच्या आणि तलफ होती तिथेच. बाराव्या दिवशी तोंडात गम असतानाच टपरीवर जाऊन उभा राहिलो.

गेल्या आठवड्यात शेडचा जिना चढताना मध्येच थांबावं लागलं. दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, "सिगारेट सोडा." मी विचारलं, "कशी?" तर म्हणाले, "मनावर घ्या." पुढचा पेशंट आत.

आता गोळ्या मिळतात असं ऐकतो. डोक्यावर परिणाम होतो असंही ऐकतो. कोणी घेतल्या असतील तर सांगा. "मनावर घ्या" सोडून काहीही चालेल.

जुनाखोड | ५ मार्च, सकाळी ६:१०

मनावर घ्या.

थट्टा नाही करत. मी १९९८ च्या पोळ्याला बैलांच्या पाया पडलो आणि बिडीचं बंडल चुलीत टाकलं. तेव्हापासून शिवलो नाही. गोळ्या-बिळ्या हे सगळे कंपन्यांचे धंदे.

खापरावरची | ५ मार्च, सकाळी ९:३२

जुनाखोड काका, तुम्हाला दंडवत. पण तुमच्याबरोबर त्या वर्षी गावात ज्यांनी ज्यांनी सोडली, त्यातल्या किती जणांची आजही सुटलेली आहे? माझे वडील दर पोळ्याला सोडायचे. पितृपाटात परत सुरू.

पांझराकर | ५ मार्च, दुपारी २:१५

वाघूरकाठचा दादा, धुळ्यात माझं मेडिकल आहे, वीस वर्षं काउंटरवर उभा आहे. गम "चालला नाही" म्हणून परत येणाऱ्या दहापैकी आठांना तो कसा घ्यायचा हेच कोणी सांगितलेलं नसतं. चूक आमचीही आहे. संध्याकाळच्या गर्दीत आम्ही पाकीट देतो, पैसे घेतो.

त्याच्या नावात गम आहे म्हणून तो चिंगम नव्हे. हळूहळू पाच-दहा वेळा चावायचा, जिभेला तिखट झिणझिणी आली की थांबायचं आणि गालाच्या आत, हिरडीपाशी दाबून ठेवायचा. तंबाखूची गोळी ठेवतात ना, अगदी तसा. झिणझिणी गेली की परत दोन-चारदा चावायचा, मग दुसऱ्या गालात. असा अर्धा तास. निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जायला हवं. तुम्ही तो कचाकचा चावला, म्हणजे रस पोटात गेला. पोटात गेलेलं निकोटिन बरंचसं यकृतातच संपतं, रक्तात फार पोचत नाही. उचक्या आणि घशातली जळजळ त्याचीच.

दुसरं म्हणजे चहा. चहा, कॉफी, थंड पेय, लिंबू यांनी तोंड आंबट होतं आणि मग निकोटिन गालातून शोषलं जात नाही. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना पाण्याशिवाय काही नको. आपल्याकडे माणूस गम तोंडात टाकतो आणि वरून कटिंग मागवतो. गम वाया, पैसे वाया.

तिसरं आणि सगळ्यात मोठं, मात्रा. दिवसाला १८ सिगारेट ओढणाऱ्याला २ मिलिग्रॅमचे तीन गम म्हणजे बट्ट्यांच्या जेवणाला बसवून हातावर दोन शेंगदाणे ठेवण्यासारखं. सुरुवातीचे सहा आठवडे दर एक-दोन तासाला एक, तलफ येण्याची वाट न पाहता घ्यायचा असतो. आणि जो उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली ओढतो, त्याला ४ मिलिग्रॅमचा लागतो. २ चा मी चिठ्ठीशिवाय देऊ शकतो, ४ ला चिठ्ठी लागते. म्हणून लोक २ चाच नेतात, तोही चॉकलेटसारखा, आणि बाराव्या दिवशी टपरीवर दिसतात.

वाघूरकाठचा | ५ मार्च, रात्री १०:०५

पांझराकर भाऊ, तुम्ही माझ्या मागे उभे राहून बघत होतात का? कटिंगसकट सगळं बरोबर आहे.

छातीचा_डॉक्टर | ६ मार्च, रात्री १०:४०

जळगावला प्रॅक्टिस करतो, फुफ्फुसांचं बघतो. "मनावर घ्या" म्हणणाऱ्या सहकाऱ्याच्या वतीने आधी माफी मागतो. पन्नास पेशंट बाहेर बसलेले असले की माणूस तेवढंच बोलतो. मीही बोललोय.

जुनाखोड यांच्यासाठी: कसल्याही मदतीशिवाय सोडणाऱ्या शंभरांपैकी वर्षभराने तीन ते पाच जणांचीच सुटलेली असते. तुम्ही त्या पाचांतले, अभिनंदन. बाकीच्या पंच्याण्णवांना मन नव्हतं असं नाही.

आता औषधं. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२४ मध्ये मोठ्या माणसांची तंबाखू सोडवण्यासाठी पहिल्यांदाच उपचारांची मार्गदर्शिका काढली. त्यात चार औषधं आहेत: निकोटिनच बाहेरून देणारे प्रकार (गम, कातडीवर चिकटवायची पट्टी वगैरे), व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन आणि सायटिसिन.

व्हॅरेनिक्लिन कसं काम करतं ते मी पेशंटला असं सांगतो. चोपड्याची एसटी फलाटाला लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, बरोबर? मेंदूत निकोटिनच्या ठरलेल्या जागा असतात. ही गोळी तिथे रुमाल टाकते. जागा थोडी भरल्यासारखी होते, म्हणून तलफ आणि चिडचिड कमी. आणि सिगारेट ओढलीच तरी निकोटिन चढतं, बघतं, बसायला जागा नाही. मजा येत नाही. पेशंट म्हणतात, "डॉक्टर, गवत जाळून ओढल्यासारखं लागलं."

सिगारेट सोडायची तारीख ठरवायची आणि गोळी एक आठवडा आधी सुरू करायची. पहिले तीन दिवस अर्धा मिलिग्रॅम एकदा, पुढचे चार दिवस अर्धा सकाळ-संध्याकाळ, आठव्या दिवसापासून एक मिलिग्रॅम दोनदा. एकूण बारा आठवडे. त्या पहिल्या आठवड्यात सिगारेट चालू असली तरी चालते, आणि ही सवलत लोकांना फार आवडते. जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची, नाहीतर मळमळतं. मळमळ आणि विचित्र, रंगीत स्वप्नं ही नेहमीची तक्रार.

डोक्यावर परिणाम होण्याची भीती कुठून आली तेही सांगतो. २००९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने या गोळीवर मनोविकारांबाबत सगळ्यात कडक इशारा छापायला लावला होता. मग ८,००० हून जास्त धूम्रपान करणाऱ्यांवर मोठी चाचणी झाली. त्यातल्या निम्म्यांना मानसिक आजाराचा इतिहास होता. एका गटाला व्हॅरेनिक्लिन, एकाला ब्युप्रोपिऑन, एकाला पट्टी, एकाला नुसती खोटी गोळी, आत औषध नसलेली. २०१६ मध्ये निकाल आले. मानसिक त्रास खोट्या गोळीपेक्षा लक्षणीय जास्त दिसला नाही, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो इशारा काढला गेला. इशारा आला तेव्हा बातमी झाली, काढला तेव्हा झाली नाही.

त्याच चाचणीतला दुसरा आकडाही सांगतो, नाहीतर तुम्ही मला कंपनीचा माणूस म्हणाल. नवव्या ते चोविसाव्या आठवड्यापर्यंत सलग सुटलेली राहिली अशांचं प्रमाण व्हॅरेनिक्लिनवर २१.८ टक्के, ब्युप्रोपिऑनवर १६.२, पट्टीवर १५.७ आणि खोट्या गोळीवर ९.४. म्हणजे सगळ्यात चांगल्या औषधानेही पाचातल्या एकाचीच.

वाघूरकाठचा, तुम्हाला तीन प्रश्न. किडनीचा काही आजार? कधी फिट आली आहे? आणि रेल्वेत म्हणजे गाडी चालवता का? चालवत असाल तर आधी तुमच्या वैद्यकीय अधिकाऱ्याशी बोला. २००८ मध्ये अमेरिकेत वैमानिकांना ही गोळी बंद केली होती, गुंगी आणि चक्कर येऊ शकते म्हणून.

वाघूरकाठचा | ७ मार्च, सकाळी ७:२०

किडनी ठीक, फिट कधी नाही. गाडी चालवत नाही, गाडीच्या पोटात हात घालतो. पाचातला एक हा आकडा वाचून रात्री झोप नाही लागली, पण शंभरातल्या पाचापेक्षा बरा.

केळीबाग | ७ मार्च, दुपारी १:०२

पट्टीचं कोणीच बोललं नाही. माझ्या आतेभावाने रावेरला गेल्या मे महिन्यात लावली होती. ४५ अंश, केळीच्या बागेत घड उतरवायचं काम. सकाळी लावलेली पट्टी दहा वाजता घामाने सुटून बनियनला चिकटलेली. मग त्याने वरून सेलोटेप मारला. मग चक्कर आली. मग त्याच्या बायकोने पट्टी, सेलोटेप आणि सिगारेट तिन्ही उकिरड्यावर टाकलं.

छातीचा_डॉक्टर | ७ मार्च, रात्री ९:५५

चक्कर सेलोटेपमुळे नव्हे, उन्हामुळे आली असावी. अंग तापलं की कातडीकडे रक्त वाढतं आणि पट्टीतून निकोटिन नेहमीपेक्षा भराभर आत जातं. पट्टीवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, भर उन्हात उघडी ठेवू नका. आंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं करून, केस नसलेल्या जागी, दंडावर किंवा पाठीच्या वरच्या बाजूला लावायची, तळव्याने दहा सेकंद दाबायची. तिथे तेल-पावडर नको. रोज जागा बदलायची, नाहीतर खाज येते. दिवसाला दहापेक्षा जास्त ओढणाऱ्याने २१ मिलिग्रॅमपासून सुरू करायचं, सहा आठवडे, मग १४, मग ७, दोन-दोन आठवडे. रात्री भलती स्वप्नं पडली तर झोपताना काढली तरी चालते.

आणि हे महत्त्वाचं: पट्टी आणि गम एकत्र चालतात. पट्टी दिवसभराचं मूळ भागवते, गम मधल्या उसळ्यांसाठी. नुसत्या एकापेक्षा जोडी जास्त काम करते. "दोन्ही घेतलं तर निकोटिन जास्त होईल" म्हणून लोक घाबरतात. रोज अठरा ओढताना घाबरत नाहीत.

नंदुरबारची_मिरची | ८ मार्च, सकाळी ११:२६

दादांनो, माझ्या घरी कोणी सिगारेट ओढत नाही, पण सासूबाई मिशरी लावतात आणि नवरा गुटखा खातो. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे म्हणे. आमच्या कोपऱ्यावर अजून तारीख पोचलेली नाही. या गोळ्या त्याला चालतात का? एसटी स्टँडच्या भिंतीवर जाहिरात आहे, "न सांगता जेवणात मिसळा, व्यसन सोडवा". ती पुडी मी मागवली होती. खरं सांगते, डाळीत टाकली. यांनी ओळखलं, आणि दोन दिवस घरात जेवले नाहीत.

छातीचा_डॉक्टर | ८ मार्च, रात्री १०:१२

ताई, बरं झालं विचारलंत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के मोठे लोक खाण्याची-लावण्याची तंबाखू वापरतात असं दिसलं होतं, ओढणारे फक्त ३.८ टक्के. म्हणजे या राज्यात हा धागा खरं तर तुमच्या प्रश्नावर असायला हवा होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्या मार्गदर्शिकेत न ओढायच्या तंबाखूसाठीही व्हॅरेनिक्लिन किंवा निकोटिनचे प्रकार सुचवले आहेत. मात्र त्यांचं तोंड पूर्ण उघडतं का ते आधी बघा, तीन बोटं उभी आत जायला हवीत. पांढरा चट्टा, न भरणारी जखम असेल तर आधी दाताच्या डॉक्टरांना दाखवा. सासूबाईंचंही तोंड दाखवून घ्या, मिशरीही तंबाखूच.

पुडी परत नको. त्यात काय असतं ते पाकिटावरही धड नसतं. आणि न सांगता दिलेल्या औषधाने तुमच्या जेवणावरचा विश्वास तेवढा सुटला, गुटखा नाही.

साक्रीनाभाऊ | ९ मार्च, संध्याकाळी ७:४४

खरं शे भो. आमना गावमा बी त्याच जाहिराती.

ते चौथं नाव काय होतं, सायटिसिन? ते झाडापासून बनतं असं वाचलं. कोणतं झाड?

पांझराकर | ९ मार्च, रात्री ९:०३

युरोपात लॅबर्नम नावाचं झाड आहे, पिवळ्या फुलांचे झुबके लोंबतात. त्याच्या बियांतलं द्रव्य. बल्गेरियात १९६४ पासून गोळी विकतात. नेहमीचा कोर्स २५ दिवसांचा, व्हॅरेनिक्लिनपेक्षा खूप छोटा. व्हॅरेनिक्लिन बनवताना याच द्रव्यावरून कल्पना घेतली गेली. ब्रिटनमध्ये २०२४ पासून चिठ्ठीवर मिळायला लागली. माझ्या काउंटरवर मी ती एकदाही पाहिलेली नाही.

साक्रीनाभाऊ | ९ मार्च, रात्री ९:२०

पिवळ्या फुलांचे झुबके म्हणजे आपला बहावाच की! आमच्या शेताच्या बांधावर दोन आहेत.

छातीचा_डॉक्टर | ९ मार्च, रात्री ९:२४

नाही! दिसायला तसा, झाड वेगळं. बहाव्याच्या शेंगेतला गर रेचक आहे. तो उकळून प्यालात तर सिगारेट ओढायला सवड मिळणार नाही एवढं खरं, पण तो उपचार नव्हे. आणि लॅबर्नम कच्चं खाल्लं तर विषारी. कृपा करून कोणी झाडं उकळू नका.

खापरावरची | ९ मार्च, रात्री ९:३१

या धाग्यावरचा सर्वोत्तम प्रतिसाद.

अमळनेरी_पोरगा | १० मार्च, रात्री १२:१६

मी २६ चा. पुण्यात मित्र व्हेप ओढून सिगारेट सुटली म्हणतात. ते का नको? आणि मला लहानपणी दोनदा फिट आली होती, नंतर कधीच नाही.

पांझराकर | १० मार्च, सकाळी १०:३०

व्हेपवर देशात २०१९ पासून बंदी आहे. विकणंही गुन्हा. जे मिळतं ते चोरीचं, आत काय भरलंय देव जाणे.

फिट सांगितलीत ते फार बरं केलंत. तुमच्यासाठी ब्युप्रोपिऑन बाद. हे मुळात नैराश्यावरचं औषध. अमेरिकेत १९९७ मध्ये धूम्रपान सोडण्यासाठी मान्य झालं, निकोटिन नसलेली ही पहिली गोळी. १५० मिलिग्रॅमची, तीन दिवस एक, मग दिवसाला दोन, सोडायच्या तारखेच्या एक-दोन आठवडे आधीपासून. पण तिने फिट येण्याची शक्यता वाढते. फिटचा इतिहास असेल, किंवा रोज भरपूर पिणारा दारू अचानक बंद करत असेल, तर नको. बाकीच्यांना तोंड कोरडं पडणं आणि झोप उडणं एवढाच मुख्य त्रास. दुसरी गोळी झोपायच्या वेळी घेऊ नये, दोन गोळ्यांत किमान आठ तास ठेवून संध्याकाळपर्यंत आटपावी. आमच्याकडे ही व्हॅरेनिक्लिनपेक्षा सहज मिळते म्हणून काही जण परस्पर मागतात. मी देत नाही. भांडणं होतात.

वाघूरकाठचा | ११ मार्च, दुपारी ४:५०

दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी वीस मिनिटं दिली. पहिली सिगारेट किती वाजता, आजारी असताना ओढता का, असे सहा प्रश्न विचारले आणि व्यसन किती घट्ट आहे त्याचे दहापैकी सात गुण दिले. शाळेनंतर एवढे गुण पहिल्यांदाच. व्हॅरेनिक्लिन सुरू. भुसावळमध्ये तीन दुकानं फिरलो, चौथ्याने मागवून दिली. सोडायची तारीख १८ मार्च. घरी सांगितलेलं नाही, मुलगी कॅलेंडरवर लिहून ठेवेल.

वाघूरकाठचा | १७ मार्च, सकाळी ८:१५

मळमळ खरी आहे. रिकाम्या पोटी एकदा घेतली आणि शेडच्या मागे जाऊन बसलो. भाकरी-ठेचा खाऊन घेतली की काही नाही.

स्वप्नांबद्दल डॉक्टर कमीच बोलले. काल डब्ल्यूएजी-९ इंजिन केळीच्या बागेतून चाललेलं, आणि आमचे मरून गेलेले आबा त्याच्या टपावर बसून भरताची वांगी भाजताहेत. सकाळी उठून वास आला की काय म्हणून स्वयंपाकघरात गेलो.

आणि सिगारेट खरंच बेचव लागायला लागलीय. सवयीने पेटवतो, अर्धी टाकतो. काल नऊ झाल्या.

जुनाखोड | १७ मार्च, सकाळी ९:००

अर्धी टाकतोस म्हणजे पैसे जळतात रे. पूर्ण टाक.

वाघूरकाठचा | २६ मार्च, पहाटे ३:३५

आठवा दिवस, शून्य. मुलीने कॅलेंडर पकडलंच.

एक विचारायचंय. तलफ सहन होते, पण रात्रपाळीत हात थरथरतात, छातीत धडधड. गोळीचा परिणाम का?

छातीचा_डॉक्टर | २६ मार्च, सकाळी ८:०५

रात्रपाळीत चहा किती?

वाघूरकाठचा | २६ मार्च, सकाळी ८:४०

सात-आठ. सिगारेटच्या जागी एकेक वाढला.

छातीचा_डॉक्टर | २६ मार्च, रात्री ९:३०

सापडलं, बहुतेक. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफिन भराभर संपवतं. धूर बंद झाला की ते संपणं मंदावतं, म्हणजे तोच चहा रक्तात कितीतरी जास्त काळ राहतो. चहा निम्म्यावर आणा. दोन दिवसांत फरक पडला नाही तर ईसीजी काढून घ्या. छातीत दुखलं तर दोन दिवस थांबू नका.

जाता जाता सगळ्यांसाठी. हीच गोष्ट काही औषधांची होते. दम्याच्या बऱ्याच पेशंटना थिओफिलिनची गोळी असते, मनोविकारांत ओलान्झॅपिन, क्लोझॅपिन असतात. ओढणारा माणूस सिगारेट सोडतो तेव्हा या औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं, मात्रा कमी करावी लागते. म्हणून सोडताना डॉक्टरांना सांगा. लोक सुरू करताना सांगत नाहीत, सोडतानाही सांगत नाहीत.

वाघूरकाठचा | २८ मार्च, दुपारी १२:१०

चार चहांवर आलो, हात थांबले. शेडमध्ये अर्ध्या लोकांना हे सांगत फिरतोय.

नंदुरबारची_मिरची | २ एप्रिल, रात्री ८:४७

१८००-११-२३५६ वर फोन लावला, तंबाखू सोडवायची सरकारी मोफत लाइन. सोमवारी लागला नाही, त्यांची सुट्टी असते. मंगळवारी लागला, मराठीत बोलले. यांना फोन दिला तर आधी हातात घेईनात, मग गच्चीवर जाऊन अर्धा तास बोलत होते. काय बोलले सांगत नाहीत. दाताच्या डॉक्टरकडे जायला मात्र तयार झालेत.

वाघूरकाठचा | अखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) दुसऱ्या दिवशी, सकाळी १०:२२

सांगायला लाज वाटते. काल अखाजी. दुपारी आमरस, मांडे, पोट फुटेस्तोवर. मग मामेभावांच्या ओट्यावर पत्त्यांचा डाव. आपल्याकडे अखाजीचे पत्ते म्हणजे काय ते सांगायला नको. एकाने बाटली काढली. दोन पेग झाले, डाव हरत होतो, कोणीतरी पाकीट पुढे केलं. दोन ओढल्या. तिसरी पेटवून टाकून दिली.

गोळी आता बंद करायची का? गेलेच ना सगळे दिवस?

छातीचा_डॉक्टर | त्याच दिवशी, सकाळी ११:०१

गोळी अजिबात बंद करू नका. आज नेहमीसारखी घ्या. दोन सिगारेटने पाच आठवडे वाया जात नाहीत, "गेलंच आता" म्हणून पाकीट विकत घेतलं तर जातात. मला रागवायचंय ते पेगवरून. या गोळीवर काही जणांना दारू जास्त चढते, केलेलं आठवत नाही. पुढच्या डावाला ताक.

जुनाखोड | त्याच दिवशी, सकाळी ११:४०

वाघूरकर, इथे कधी लिहिलं नाही ते लिहितो. १९९८ च्या पोळ्याला सोडली हे खरं. पण १९९६ आणि १९९७ च्या पोळ्यालाही सोडली होती. घे गोळी.

खापरावरची | त्याच दिवशी, दुपारी १२:०५

काका!!

वाघूरकाठचा | २ जून, रात्री ९:१८

उद्या बारा आठवडे होतात. अखाजीनंतर एकही नाही. वजन साडेतीन किलो वाढलंय, बायको म्हणते शेंगदाण्यांनी. जिना न थांबता चढतो, वर जाऊन थोडा उभा राहतो, पण ते सगळेच राहतात. गोळ्यांचा खर्च मी पाकिटांशी ताडून पाहिला. रोजचं पाकीट महाग पडत होतं.

स्ट्रिपमध्ये दोन गोळ्या उरल्यात. एकदम थांबवू का?

छातीचा_डॉक्टर | २ जून, रात्री १०:५०

थांबवता येते, हळूहळू कमी करत गेलात तरी चालतं. काही दिवस चिडचिड वाढू शकते. पुन्हा घसरायची भीती वाटत असेल तर आणखी बारा आठवडे देता येते, तुमच्या डॉक्टरांशी बोला. तुमची रात्रपाळी आणि पुढे येणारा श्रावण-पोळ्याचा मोसम बघता मी असतो तर वाढवली असती.

केळीबाग | ३ जून, सकाळी ७:०५

वाघूरकाठचा दादा, हा धागा मी वडिलांना वाचून दाखवला. वय ७१, दिवसाला दोन बंडल बिडी. बिडी म्हणजे पानाची, साधी, असं त्यांचं मत. डॉक्टरांनी सांगितलं की बिडी सारखी विझते म्हणून जास्त जोरात ओढावी लागते आणि धूर सिगारेटपेक्षा कमी वाईट नसतो, त्यावर ते गप्प. काल रात्री स्वतःहून म्हणाले, "त्या भुसावळवाल्याच्या गोळ्या उरल्या असतील तर मले आणून दे ना."

पांझराकर | ३ जून, सकाळी ९:४४

उरलेल्या गोळ्या अजिबात द्यायच्या नाहीत. ७१ वय, आधी किडनीची तपासणी. किडनी कमजोर असली तर मात्रा कमी ठेवावी लागते. त्यांना घेऊन जा.

केळीबाग | ३ जून, दुपारी १:३०

शुक्रवारी नेतो. तयार झालेत, पण रस्त्यात दोन बिड्या ओढू द्यायच्या या अटीवर.

छातीचा_डॉक्टर | ३ जून, रात्री १०:१५

ओढू द्या.